पाचवं 'आता'

हनीफ गेला तवा मी खाली चहा आणाय गेलतो. म्हंजे बघा, हितंबी चुकलोच. राजारामपुरीतल्या दवाखान्यात त्येच्या उशाशी चार दिस बसून होतो, जागचा हललो न्हाय. आन् ज्या दहा मिनटात काय व्हायचं ते झालं, त्या दहा मिनटात मी खाली चहावाल्याशी भांडत हुभा, "साखर बेतानं टाक, पेशंटला हाय." वर आलो तर जुबेदा वैनी दारातच. त्यांनी माझ्या हातातला थर्मास काढून घेतला... मला तवा रडू आलं न्हाय. पयला इचार आला त्यो असा, की ह्यो हनीफ आता वर जाऊन सगळ्यास्नी सांगणार, "बघा, ह्या पैलवानाला मी वेळ सांगायच्या कामाला ठेवला, आन् त्येनं जन्मात एकदाबी वेळ गाठली न्हाय."

त्येचा चाळिसावा दिस झाला. पेपरातलं एक साहेब माझ्या गाड्यावर भडंग खायाला येत्यात, ते म्हणालं, "हनीफभाईंवर तुम्ही लिवा." मी म्हणलं, "साहेब, मी सही करतो तीबी चित्र काढल्यागत." तर म्हणालं, "मग सांगा, कुणीतरी लिवून घेईल." तवा मी सांगतूय आन् थोरली पोरगी लिवून घेतीया. वंगाळ शब्द आला तर ती गाळणार हाय. लेख बारका झाला तर समजून घ्या.

लोकास्नी ठाव हाय त्यो गावोगावच्या जत्रंच्या, उसाच्या, म्हशींच्या फिल्मा काढणारा हनीफभाई. मला ठाव हाय त्यो त्येच्या आधीचा. त्येच्या अब्बांचं कुलपं दुरुस्तीचं दुकान, एका बोळात, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं ऱ्हायचं. पोरगं मातूर स्टुडिओत पळालं. चार वर्सं ट्रॉली ढकलली, दिवं उचललं, आन् एक दिस सोडून आला. का रं, म्हणून इचारलं तर म्हणला, "लेका, चार वर्सं ढकलून पोचलो कुठं? रूळच धा फुटाचं." आता आपलं आपण पिक्चर काढायचं, कुणाच्या हाताखाली न्हाय, ह्ये डोस्क्यात बसल्यालं. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडनं त्येनं सोळा एम.एम.चा जुना कॅमेरा आणला. चावीचा. गजराच्या घड्याळाला देत्यात तशी चावी द्यायची, बटान दाबलं की पंचवीसएक सेकंद कुरकुरत चालायचा, मग गप. परत चावी. आत रीळ मावायचं शंभर फुटाचं, म्हंजे तीन मिनटंबी पुरती न्हाईत. त्यात काय ते जग दावायचं! आणला तवा त्येची स्प्रिंग तुटल्याली. ती अब्बांनीच दुकानात बसून बसवली, आन् बसवताना शिव्या घातल्या. "ईदपर्यंत बघतो. काम मिळालं तर तुझं नशीब. न्हाय मिळालं तर ह्ये खेळणं शोकेसात, आन् तू हातात कानस घिऊन माझ्या शेजारी."

ईदीला तवा तीन म्हयनं हुतं.

आन् मी कोण? मी पैलवान. म्हंजे सहा वर्सं तालमीत हुतो. बानं माझ्यासाठी येगळी म्हस राखल्याली, घरात बाकीच्यास्नी कोरा चहा आन् दूध सगळं मला. तरी जिल्ह्यात असं एक मैदान न्हाय, जिथली माती माझ्या पाठीला लागली न्हाय. चितपट हुऊन मी आभाळ इतकं बघितलंय, की पाऊस कवा येणार ते बिनचूक सांगत हुतो. शेवटी वस्ताद म्हणालं, "बाळू, तू गुणाचा हाईस रं, पर म्हस वाया चाललीया." त्या दिसापासनं भडंगाचा गाडा. हनीफ रोज सांजचं यायचा, फुकट भडंग खायाचा आन् मला पैलवान म्हणायचा. मला पैलवान म्हणणारा त्यो एकटाच. टिंगलीनं म्हणायचा, पर म्हणायचा.

काम हुडकाय आमी दोघं मिळून फिरायचो. कॅमेरा त्येच्या गळ्यात, तिपाई माझ्या खांद्यावर. लग्नघरात गेलो तर म्हणायचे, "फोटो बास की! ह्ये हालतंय ते ठीक हाय, पर बोलत का न्हाय?" एका दुकानदारानं तर, "माझं दुकान हालत न्हाय, मग हालतं चित्र कशाला?" म्हणून वाटंला लावलं. नमुना म्हणून चार फूट तरी चांगलं दावायला पायजे, तवा नृसिंहवाडीला संगमावर गेलो. माझ्या हातात फळी, तिच्यावर चहाच्या खोक्यातला चंदेरी कागद चिकटवल्याला, उन्हाची तिरीप पाण्यावर पाडायला. हनीफ काठावरनं, "मागं सर... अजून मागं... आणिक जरा..." मी आपला आज्ञाधारक, सरत गेलो. पोहाय येत न्हाय ह्ये मला गळ्यापर्यंत पाणी आल्यावर आठवलं. एका नावाड्यानं वर काढलं. हनीफनं आधी फळी उचलली, मग मला. "कागद गेला असता," म्हणला.

ईद तीन आठवड्यांवर आली आन् काम माझ्याच गाड्यावर आलं. बिद्रीच्या पल्याडल्या एका गावचं आण्णा. मोठी आसामी, कडक एवढं की त्यास्नी हसताना बायकोनंबी बघितलं नसंल. त्येंचा पोरगा संभा नावाचा पैलवान, त्येनं मला दोनदा पाडल्याला, तवा ओळख जुनी. मी भडंग बांधता बांधता हनीफचं सांगितलं. आण्णा म्हणालं, "जत्रंत संभाची कुस्ती हाय, मिरजंकडच्या पैलवानाबर. पोरगं डाव मारतंय त्यो डाव चित्रात पायजे. मारल्याला डाव! नुसतं झोंबत्याली माणसं नगंत. जमलं, तर भागातल्या शेतकऱ्यास्नी दावायला उसाच्या लागणीची फिल्म काढायची हाय. ती तुमाला." वरसभराचं काम! हनीफनं मला गाड्यामागं नेऊन मिठी मारली. मग म्हणला, "पर मला कुस्तीतलं काय कळतंय?"

आता अडचण बघा. आमच्याकडची कुस्ती म्हंजे दोन पैलवान तास-तास एकमेकास्नी धरून हुबं ऱ्हात्यात, जसं काय बाजारात इसार देऊन बांधून ठेवल्यालं बैल. आन् डाव पडतो त्यो डोळ्याचं पातं लवायच्या आत. ह्येच्या कॅमेऱ्याची चावी पंचवीस सेकंदाची, रिळात असल्या सहा चाव्या, आन् दुसरं रीळ घ्यायला ऐपत न्हाय. बटान कवा दाबायचं? हनीफ म्हणला, "तू सांगायचं. तू सहा वर्सं पडलाईस. माणूस पडायच्या आधी काय हुतंय ह्ये तुझ्याइतकं कोल्हापुरात कुणाला ठाव हाय? तू फकस्त 'आता' म्हणायचं. बाकी मी बघतो." लेकाच्यानं माझ्या पडण्याची एवढी किंमत केली, ऊर भरून आला माझा.

जत्रंच्या दिशी मैदानाच्या कडंला बैलगाडी सोडल्याली, तिच्यावर तिपाई, हनीफ आन् मी. मी बाचा लग्नातला फेटा बांधल्याला. पयली चावी आण्णांनी नारळ फोडला त्यात गेली, ती घालवावीच लागती. मग हलगी कडाडली, संभा आन् त्यो मिरजंकडचा भिडलं. संभानं कंबर धरली. मी, "आता!" कुर्रर्र... चावी संपली, दोघं हाईत तसंच. थोड्या टायमानं मिरजंकडचा गुडघ्यावर आला. "आता!" कुर्रर्र... त्यो परत उठला. तिसऱ्यांदा संभानं नुसती मांडी थोपटली आन् माझं तोंड माझ्या ताब्यात ऱ्हायलं न्हाय. चौथ्यांदा तर, खरं सांगतो, संभाला शिंक आलती. हनीफ दात खाऊन म्हणला, "पैलवान, तू पडत का हुतास ते मला आज कळलं. एकच चावी उरलीया. आता तू 'आता' म्हणालास तर गाडीवरनं ढकलीन."

गप बसलो. अर्धा तास झाला. आन् मग मला दिसलं. मिरजंकडच्याची टाच... जराशी उचलल्याली. माझीबी अशीच उचलायची, परत्येक वेळी, आन् मग आभाळ. "हनीफ, आता! आईशप्पत, आता!" हनीफनं बटनावरचा हात काढून माझ्याफुडं जोडला. "पाया पडतो, गप बस." आन् संभानं धोबीपछाड हाणला.

मैदान उठलं. आमच्यात कुस्ती झाली की फेटं, टोप्या वर उडवायच्या, हात आपोआपच जातो. माझाबी गेला. वर गेला, सुटला, आन् सगळाच्या सगळा हनीफच्या अन् कॅमेऱ्याच्या अंगावर आला. हनीफ आत गुरफटला, गाडीवर गर्रकन फिरला, फेटा वडता वडता बोट बटनावर गेलं, आन् कुर्रर्र... शेवटली चावी. मैदानाकडं पाठ करून.

फिल्म धुवाय म्हमईला गेली, ती आली ईदीच्या आठ दिस आधी, आन् त्याच सांजंला गावात दावायची. आमी आदुगर बघितलीबी न्हाय. एस्टीत हनीफ म्हणला, "मार पडंल. तू फुडं ऱ्हा, तुला सवय हाय." देवळाच्या चुना मारल्याल्या भिंतीवर चित्र पाडलं. नारळ फुटला, टाळ्या. मग दोन माणसं झोंबत्यात. मग दोन माणसं झोंबत्यात. तिसऱ्यांदा मागनं कुणीतरी वरडलं, "आरं सोडवा की कुणीतरी त्यास्नी!" चौथ्याला संभा शिंकला. आण्णा खुर्चीत तसंच, मिशीचा केस हलंना. मी देवळाच्या मागच्या दाराकडं बघून ठेवलं.

मग भिंतीवर फेटा आला. नुसतं कापड. ते सरकलं आन् मागनं माणसं निघाली... गावचीच माणसं. त्वांड आ वासल्याली, हात वर, एकाच्या खांद्यावर दुसरा. देवळात कालवा झाला. "ए, आप्पा बघ!" "आगं बया, माझा टावेल!" एकजण बिद्रीच्या कारखान्याला ऊस घालाय गेलतो म्हणून घरात सांगून जत्रंत आल्याला, त्येला बायकूनं भिंतीवरच धरला. आन् मधोमध आण्णा. खुर्चीवर उभं ऱ्हाऊन, धोतराचा सोगा हातात धरून, ल्हान पोरागत उड्या मारत्याती आन् दात काढून हसत्याती. चित्र संपलं. आण्णा उठलं. मी दाराची कडी काढली.

"परत लाव," आण्णा म्हणालं.

हनीफ चाचरत म्हणला, "आण्णा, डाव आला न्हाय त्यात, चूक झाली..."

"पोराचा डाव मी माझ्या डोळ्यानं बघितलाय की! मी कसा दिसत हुतो ते मला कोण दावणार हुतं? परत लाव."

सात वेळा लावली. उसाची फिल्म मिळाली, त्येच्यामागनं शेजारची गावं आली, "आमची बी माणसं काढा" म्हणत. अब्बा ईदीदिवशी शीरखुर्मा वाढताना एवढंच म्हणालं, "चावी फिरवूनच पोट भरणार तर. म्हंजे आपल्याच धंद्यात ऱ्हायलास."

त्येच्यानंतर हनीफनं वीस वर्सं फिल्मा काढल्या. मोठं बोलतं पिक्चरबी काढाय घेतलतं. त्यात मला मढ्याचं काम दिलतं, आन् मला गुदगुल्या झाल्या. हिरो मदीच मिलट्रीत गेला, पिक्चर तितंच ऱ्हायलं. ते दुख त्येला हुतं, पर बोलायचा न्हाय. बोलायचा ते फकस्त माझं. कुठंबी चार माणसं बसली की, "ह्यो पैलवान! पाच वेळा 'आता' म्हणला, पाचीबी वेळा चुकला." मी म्हणायचो, पाचवं बरूबर हुतं. लोक आणिकच हसायचे. मग मीबी हसायचो. फुडं व्हिडिओ कॅमेरा आला, तीन-तीन तासाची कॅसेट. हनीफनं एकदा हातात घिऊन बघितला आन् परत दिला. "तीन तास नुसतं चालूच? मग 'आता' म्हणायला माणूस कशाला लागतोय?"

त्या शेवटल्या दिशी दवाखान्यात त्यो जरा बरा वाटत हुता. वैनी दाराशी डॉक्टरसंगं बोलत हुत्या. मला म्हणला, "पैलवान, कान इकडं कर. पाचवं खरं हुतं."

"काय?"

"चार खोटी. पाचवं बरूबर हुतं. मीच ऐकलं न्हाय."

"आन् वीस वर्सं लोकास्नी माझ्यावर हसवलंस व्हय रं?"

"खरं सांगितलं असतं तर चूक माझी निघाली असती की. आन् गोष्ट बी मेली असती." मग जरा दम खाऊन म्हणला, "जा, चहा आण. साखर घालून आण, डॉक्टरच्या समोर बोंबलू नगं." मी गेलो. आन् साखर बेतानं टाक म्हणून भांडत बसलो... शेवटला चहाबी त्येच्या मनासारखा आणला न्हाय.

चाळिसाव्याला वैनींनी मला त्यो कॅमेरा दिला. म्हणाल्या, "भाऊजी, ह्ये तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे." घरी आणून बघितला. काट्यावर आत वीस फूट रीळ शिल्लक दावतंय. वीस फूट म्हंजे चावीभर, जरा वरच. अब्बांनी बसवल्याली स्प्रिंग अजून टणक हाय. चावी दिली, करकरली, पुरी भरली. आता नुसतं बटान दाबायचं.

सांजचं गाड्यावर जाताना कॅमेरा संगं नेतो. भडंगाच्या डब्याशेजारी ठेवतो. येणारीजाणारी बघतो, हसणारी, भांडणारी, तिखाट लागून नाचणारी. दोनतीनदा बोट बटनावर गेलतं. पोरगी कवा आली तर इचारती, "आबा, आता?"

मी म्हणतो, थांब. टाच अजून उचलली न्हाय.