दुसऱ्याच्या शेताचा बांध

धर्मादादा गेल्याचं मला किहीमच्या शाळेत कळलं. गावाहून आलेला माणूस दारात नुसता उभा राहिला, आणि मी वर्ग सोडून दिला. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला, पण लिहायला हात धजत नव्हता... दादांबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार.

आमच्या गावची भातशेती खाडीकाठची. मध्ये मातीचा बांध. तो फुटून खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं शेतात दाणा पिकत नाही. पूर्वी जो तो आपल्या शेतापुढचा बांध राखी, आणि शेजाऱ्याचा फुटला की दोघंही बुडत. असहकाराच्या दिवसांत गावोगाव मंडळं निघाली, तसं आमचंही बांधमंडळ निघालं. धर्मादादा अध्यक्ष, मी चिटणीस. मोठ्या हौसेने उद्दिष्टांची दोन पानी यादी करून नेली, वाचनालय काय, आखाडा काय! दादांनी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, "मास्तर, खारं पानी आत येता कामा न्हाय. येवढंच लिवा." आणि एक नियम घातला: आपल्या शेतापुढचा बांध आपण राखायचा नाही. चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याचा वाटा घ्यायचा, उधाणाला तिथंच उभं राहायचं, पाणी झिरपू लागलं की हाक द्यायची. लोक कुरकुरले. मीही कुरकुरलो. पण दादा एकदा हटून बसले की कुणाचं काही चालत नसे.

त्या वर्षी दादांच्या शेतापुढचा बांध माझ्या वाट्याला आला, आणि माझा त्यांच्या. नारळी पौर्णिमेचं उधाण, भर दुपार, पाऊस असा की दहा हातांवरचं दिसेना. तासभर मी उभा होतो, पण जीव सगळा माझ्या शेतात. तेवढं एकच शेत, घरात सहा खाणारी तोंडं... शेवटी राहवलं नाही. पळत माझ्या बांधावर गेलो, तर दादा तिथे गुडघाभर चिखलात उभे राहून माती लावत होते. त्यांनी वर पाहिलं.

"मास्तर, तुमी हिकडं? मंग तिकडं कोन हाय?"

तिकडे हाक द्यायला कुणी नव्हतं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांच्या शेतात खाडी शिरली होती.

बैठकीत दादा म्हणाले, पाण्याला जोर फार होता. बस्स, एवढंच. पुढे तीन वर्षं त्यांनी मिठागरात मजुरी करून घर चालवलं. आणि पुढच्या चिठ्ठ्यांच्या वेळी सांगितलं, "माजा वाटा मास्तरांकडंच ऱ्हाऊ द्या." मला मान वर करवेना. किहीमला बदली झाली तरी एकाही उधाणाला त्या बांधावरून मी हललो नाही.

गेल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. दादा गेले, आता ज्याने त्याने आपापलं बघावं, असं दोघातिघांनी काढलं आणि माना डोलू लागल्या. मी उठलो. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. पाण्याला जोर नव्हता, मी जागेवर नव्हतो. आपापलं बघितलं की काय होतं, ते मी करून बसलोय. दादांचा थोरला मुलगा समोरच बसला होता. त्याच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होईना.

"आमाला ठावं हाय, मास्तर," तो म्हणाला. "बाबांनी घरात तवाच सांगितलं व्हतं. चिठ्ठ्या टाका."