जळगाव जामोदचा हिरवा ठिपका

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि ती तर माझ्या मोबाइलवरचे मेसेज माझ्याआधी वाचते. तुम्हालाच का सांगतोय? माहीत नाही. दुपारी जरा डोळा लागला की भिंतीवरचा तो मोठा पडदा समोर येतो, त्यावरचे हिरवे ठिपके संथपणे लुकलुकत असतात, आणि मग झोप लागत नाही.

मी खामगावला एका पतसंस्थेत कॉम्प्युटर आणि इंटरनेटच्या लाइनचं बघतो. शेगाव, हिवरा आश्रम, जळगाव जामोद — अशा आमच्या शाखा. कुठली लाइन कधी गेली हे फोन आल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मीच सुचवलं, प्रत्येक शाखेत एक छोटी पेटी बसवू. आमचं मशीन तिला सारखी हाक मारत राहील. पेटीने ओ दिली की पडद्यावर त्या शाखेचा ठिपका हिरवा, नाही दिली की लाल. साहेब खूश झाले. मी तर हवेतच होतो.

जळगावला पेटी बसवली ती दुपार अजून आठवते. खिडकीबाहेर निळसर सातपुडा, वर कुरकुरणारा पंखा, काउंटरवर कुणी नाही. सगळी शाखा एकटीने ओढणाऱ्या रेखाताईंनी घरून आणलेलं वांग्याचं भरीत माझ्यापुढे सरकवलं.

"हे काय करते जी, भाऊ?"

"खामगावनं हाक मारली का हे ओ देते. नाही देली, तं तिकडं समजते का तुमची लाइन गेली."

"म्हंजे आता मले फोनवर कोनाच्या हातापाया पडाचं काम नाही!" त्या केवढ्या हसल्या. धूळ बसू नये म्हणून पेटीवर त्यांनी क्रोशाचा रुमालही टाकला. पेटी गरम होईल हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

मग उद्घाटन. पडद्याला झेंडूचा हार, हळदकुंकू, अध्यक्ष नारळ हातात घेऊन उभे — आणि जळगावचा ठिपका लाल. तिथली लाइनच गेली होती. साहेब कानाशी आले. "पूजेच्या वक्ताले लाल नको बे. कर काहीतरी."

आणि मी केलं. मशीन ज्या पत्त्यांवर हाक मारतं त्या यादीत जळगावच्या नावापुढे आमच्याच टेबलाखालच्या पेटीचा पत्ता टाकला. खामगावनं खामगावलाच हाक मारली, खामगावनंच ओ दिली. ठिपका हिरवा झाला. साहेबांना वाटलं, लाइन आली. नारळ फुटला, मला शाल मिळाली.

उद्या बदलू, म्हटलं. पण उद्या बदलला नाही, परवाही नाही. शेगावचा ठिपका अधूनमधून लाल व्हायचा, हिवऱ्याचाही. जळगावचा कधीच नाही. साहेब पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे — ही आमची सगळ्यात भारी लाइन. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

तिकडे बाजाराच्या दिवशी लाइन जायची, माणसं काउंटरपुढे ताटकळायची. रेखाताई फोन करायच्या आणि इकडून उत्तर जायचं — अहो, हिरवं तर दिसतंय. बाई काम टाळते, अशी कुजबुज सुरू झाली. मी ऐकायचो. आणि चहा प्यायचो.

शेवटी साहेबांनी त्यांना खामगावला बोलावलं. त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या, ठिपक्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. "मी खोटं काऊन बोलू, साहेब? ह्या भाऊंले विचारा ना. त्यांनंच बसवली पेटी."

साहेबांनी मला विचारलं. एक वाक्य पुरलं असतं — एकच. मी म्हणालो, "पडद्यावर तर हिरवंच आहे."

नोकरी गेली त्यांची. त्यांच्या जागी नवा माणूस येण्याआधी मी पत्ता गुपचूप बरोबर केला. पुढच्याच बाजाराला ठिपका लाल झाला आणि लगेच दुरुस्तीला माणूस गेला. चांगली लाइन बिघडली म्हणून साहेब हळहळले. रेखाताईंचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही.

मध्यंतरी शेगावला स्टेशनबाहेर त्या भेटल्या. त्यांना मला चुकवून जाता आलं असतं, पण त्यांनीच हाक मारली. जेवले का, विचारलं. मग, अगदी सहज —

"आता तरी देते का हो ते पेटी ओ?"

"हो," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "मंग तवाबी देत असन. माह्यंच काही चुकत असन, भाऊ."

पिशवी सावरत त्या गर्दीत गेल्या. मी तिथेच उभा होतो, आणि तेव्हाही बोललो नाही.

त्यांचं काहीच चुकत नव्हतं.