वरातीत तापणारी गाडी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. लिहिणं तर लांबच. म्हणून हे लिहायला बसलो याचाच संकोच वाटतो. चुकलं तर माफ करा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबा सौंसरच्या एका निवृत्त गुरुजींची साठ वर्षं जुनी मोटार चालवतात. लग्नात ती नवरदेवासाठी जाते. गेल्या दसऱ्यानंतर ती प्रत्येक वरातीत उकळू लागली. रेडिएटर धुतला, थर्मोस्टॅट बदलला, पट्टाही नवा घातला. तरी पांढुर्ण्याला नवरदेवाला मधेच उतरून पायी जावं लागलं. गुरुजींनी सांगून टाकलं, "आता एकदा उकळली, की भंगारात." म्हणजे बाबांचं कामही गेलं.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. भीतभीतच विचारलं, "बाबा, पांढुर्ण्याला जाताना तापली होती का?"

"नाही ना. रस्त्यानं मस्त पळते. वरातीतच नखरे करून राहिली. तिलेच लगन लावाचं असन."

"पळताना समोरून वारा लागतो. हळू चालताना मात्र वारा पंख्यानंच ओढावा लागतो."

"हो, प्रोफेसर साहेब. पंखा फिरून राहिला, दिसत नाही का?"

फिरत तर होता. पण मी रेडिएटरसमोर वहीचा कागद धरला, तेव्हा तो जाळीला चिकटायला हवा होता. घसरून खाली पडला. इंजिन बंद करून पात्यांवरून बोट फिरवलं. खोलगट बाजू इंजिनाकडे हवी, ती पुढे होती. पंखा उलटा बसला होता, म्हणून वारा धड ओढत नव्हता.

 दसऱ्याच्या पूजेसाठी बाबांनीच तो काढून एका बाजूनं लाल रंगवला होता, आणि बोनट उघडल्यावर रंग दिसावा म्हणून फिरवून बसवला होता.

"कुंकू लावाले रंगाची बाजू दिसाले पाहिजे होती ना," ते हळूच म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून पंखा सुलटा केला. कागद जाळीला फटकन चिकटला. बाबांनी तो तीनदा काढून पुन्हा लावून पाहिला.

रामाकोन्याची वरात नेमकी माझ्या प्रॅक्टिकलच्या दिवशी आली. सुटल्यावर फोन लावला, तर बाबा उचलेनात. तासभर मी कॉलेजच्या पायरीवर बसून होतो. मग त्यांचाच फोन आला. बँडच्या गोंगाटात ते ओरडत होते, "अरे, पोहोचली मांडवात! दोन घंटे पावलापावलानं चालली, एक थेंब उडाला नाही! गुरुजी म्हणून राहिले, पुढच्या लग्नाची तारीख घेऊन टाका!"