धोंडामावशीचा पहिला लोटा

कुरुळीची धोंडामावशी. पंचावन्न साल, संक्रांतीनंतरचा पहिला सोमवार. तिच्याच विहिरीवर, साऱ्या गावासमोर मी तिला फसवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चावडीचावडीवर घसा फोडणारा माणूस मी — पण इथे आलं की जीभ अडते.

आमचं पत्रक तुम्ही वाचलं असेल. ‘तेल आपल्या रानातलं, इंजिन आपल्या विहिरीवर!’ परदेशी तेलावर पाणी उपसायचं, ही कसली स्वतंत्र शेती? — असं मी विचारायचो. आजही विचारतो. तो प्रश्न खोटा नव्हता. मी खोटा होतो.

बांधावर चार एरंड सगळेच लावतात. मावशीने माझ्या शब्दावर विहिरीलगतची बाजरीची पट्टी मोडून एरंड लावला. तेल चाकणच्या घाण्यावर काढून आणलं. मोटेचे बैल भावाकडे धाडले — इंजिन आल्यावर बैल कशाला, हेही मीच म्हणालो होतो.

इंजिन सुरू करण्याच्या समारंभाच्या आदल्या दिवशी, भल्या सकाळी मी एकट्याने ते लावून पाहिलं. थंडीने एरंडेल काकवीसारखं घट्ट झालेलं. दोन आचके, पांढरा धूर, बंद. पुन्हा तेच. तेव्हा सांगायला नको होतं का? — मी टाकी धुतली आणि लोटाभर जागा ठेवून क्रूड भरलं, तेच परदेशी तेल.

सोमवारी नारळ फुटला, टाकीला हळदकुंकू लागलं. हळदकुंकू लावलेल्या टाकीत कोण डोकावणार? तेलाचा पहिला लोटा सवाष्णीने ओतायचा, अशी रीत. मला रीत मोडायची होती ना! मी मावशीला पुढे बोलावलं. ती विधवा. मागे सरली.

“माझा हात कशाला, दादा? लोकं बोलत्याल.”

“मावशी, ते दिवस गेले आता.”

तिने लोटा ओतला. इंजिन धडधडलं, पाटाला पाणी आलं. मागून कुणीतरी ओरडलं, “इंजिनाला एरंडेल पाजलं राव! आता पळतंय बघा परसाकडं!” सगळे हसले. मावशीही — तोंडाला पदर लावून. मी पाहिलंय ते.

क्रूड संपेपर्यंत इंजिन चाललं. मग मावशीने आपलं तेल घातलं. मी तळवड्याला दुसरी सभा घेत होतो, तिथे निरोप आला. पोचलो तेव्हा इंजिन चिकटून बसलेलं, कांद्याची रोपं माना टाकलेली, आणि विहिरीवर माणसं जमलेली.

“रांडमुंड बाईचा हात लागला. दुसरं काय व्हणार?”

याच बोलण्याविरुद्ध मी पत्रकं लिहिली होती. तोंडपाठ होती मला. एक वाक्य म्हणायचं होतं — टाकीत क्रूड होतं, मी भरलं होतं. म्हणालो का? मी इंजिनाकडे वाकलो आणि उगाच एक नट पिळत बसलो.

मग ती जवळ आली. “मी म्हनलं हुतं दादा, माझा हात नगं. माझ्यापायी तुमचं काम बुडालं.”

मी मान हलवली. ‘हो’ अशीच हलली ती.

बैल परत येईतो कांदा करपून गेला. आता ती गावात कुठल्या कार्याला पुढे होत नाही. लग्नाच्या हळदीला दाराबाहेर उभी राहते, म्हणतात. आणि मी? मी ‘कुरुळीचा यशस्वी प्रयोग’ असं पत्रक काढलं. सोमवारच्या टाळ्यांचं वर्णन त्यात आहे. पुढचं काही नाही.

तुम्ही, वाचणारे — हा कागद कुरुळीच्या चावडीवर नेऊन मोठ्याने वाचा. मी वाचला तर माझ्या धिटाईचं कौतुक होईल, म्हणून तुम्हीच वाचा. मी खाली, सगळ्यांसमोर बसलेला असेन. तिला आधी बोलावून घ्या, पुढच्या रांगेत बसवा. आणि ही ओळ दोनदा वाचा — इंजिन माझ्या खोटेपणामुळे बंद पडलं, धोंडामावशीच्या हातामुळे नाही.