हीट पंपाआधीचा हिवाळा

आम्ही स्वीडनला निघालो तेव्हा मे महिना होता. तरी जाफराबादच्या स्टँडवर आई सुनीताच्या, माझ्या बायकोच्या, हातात लोकरीची कानटोपी कोंबत होती. "तिथली थंडी बेकार असती म्हणतेत. बाळंतपणाला मला बोलवा, माझ्या हातचा शेक चुकवायचा न्हाई," ती म्हणाली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मला हसू आवरेना.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, पुढचं हसण्यासारखं नाही.

चार वर्षांनी आम्ही जुनं घर घेतलं. तळघरातला तेलाचा बॉयलर घर तापवायचा, अंघोळीचं पाणीही तोच द्यायचा, आणि दर थंडीत रुसायचा. शेजारी म्हणायचे, हीट पंप घे. जमिनीत खोल बोअर मारायचं, खालची ऊब ओढून घरात आणायची, उन्हाळ्यात त्याच बोअरनं घर गार ठेवायचं. मी मनात म्हणायचो, आमच्या शिवारात किती बोअर कोरडी गेलीत ते यांना काय माहीत! बघू पुढच्या वर्षी, असं करत मी तीन हिवाळे ढकलले.

मग मुलगी झाली आणि आई आली. बाळ बारा दिवसांचं असताना बॉयलर बंद पडला. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार होता. सुनीताच्या खोलीत विजेचा छोटा हीटर लावून मी कामावर गेलो. आईला त्या हीटरचा काही भरवसा वाटेना. अंगणात मांस भाजायला आणलेला कोळसा होता. तिनं तो लोखंडी कढईत फुलवला, वर ओवा टाकला आणि गावी बाजेखाली शेगडी ठेवतात तशी कढई पलंगाखाली सरकवली. बाळाला वारा लागू नये म्हणून दार ओढून घेतलं. आमच्या पत्र्याच्या घरांना फटी असतात. इथल्या तिहेरी काचांच्या खिडकीतून वारं आत यायला जागाच नसते.

दुपारी मी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात अळिवाची खीर ढवळत होती. खोलीचं दार उघडलं. सुनीता हाकेला ओ देईना. बाळाची मान सैल पडली होती. बाळाला काखेत धरून मी सुनीताला ओढत बाहेर बर्फात आणलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आई एकच बोलत होती, "तुला बी असंच शेकलं होतं रे, बराबर असंच."

बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला होता. दोघी वाचल्या. पण दोन दिवस डॉक्टर बाळाबद्दल काहीच सांगेनात.

उन्हाळा लागताच बोअर मारलं. हवेतून ऊब घेणारा पंप स्वस्त होता, पण कडाक्यात त्याचा जोर कमी पडतो म्हणाले, म्हणून तो नको म्हटलं. विकणाऱ्याला मी एकच विचारलं, घरात जाळ कुठे असेल? कुठेच नाही, तो म्हणाला. मी सही केली.

आई परत कधी आली नाही. दर हिवाळ्यात फोनवर सांगतो, ये, आता काहीच पेटवावं लागत नाही. ती म्हणते, "तुमचं बराबर चालून राह्यलंय ना? मंग मला कशाला बोलवता? मला माझ्या हाताचंच भ्या वाटतं." गावी गेलो की नातीला ती लांबूनच बघते, उचलून घेत नाही.

निखारे तिनं ठेवले, पण पंप पुढे ढकलत घर थंड पडू दिलं मी, हे तिला अजून सांगितलेलं नाही. घर म्हणजे मला हल्ली एवढंच वाटतं, आईसमोर बसून हे सांगता येईल ती जागा. गावी जातो, पण त्या जागेवर बसायची मला भीती वाटते.