थोरलीच्या टोपलीतला जिताडा

मासळीबाजारात तिला कुणी नावाने हाक मारत नसे. घरची थोरली सून म्हणून ती थोरली, आणि बाजारालाही तेवढं नाव पुरलं. दारातून शिरताच डाव्या हाताला तिची जागा होती. सिमेंटच्या उतरत्या ओट्यावर निळं प्लास्टिक, त्यावर बर्फाचा चुरा आणि चुऱ्यावर मासे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. नळाचं पाणी तिच्या पावलांखालून गटाराकडे वाहत राही, त्यामुळे दुपारपर्यंत तिचे पाय पांढरे, सुरकुतलेले होत. भाव ती चढा सांगे आणि एकदा सांगितला की खाली येत नसे. "दर्याचा आहे," एवढं ती म्हणाली की लोक मुकाट्याने पिशवी पुढे करत.

दर्याचा म्हणजे तिच्या नवऱ्याने आणलेला. त्याची, म्हणजे थोरल्याची, मासेमारीची लहान नाव होती. पण मोठ्या बोटी समुद्राचा तळ खरवडून नेऊ लागल्या आणि दिवसभर फिरूनही त्याच्या जाळ्यात टोपलीचा तळ झाकेल एवढंही येईना.

त्याच सुमारास मत्स्य खात्याने शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली. खाडीत तरंगते पिंजरे बांधायचे. त्यात सोडायला जिताड्याची बोटभर पिल्लं खातं देणार, सुरुवातीचं खाद्य देणार, शिकवायला माणसं पाठवणार. पिंजऱ्यांच्या कडेने दोऱ्या सोडून त्यांवर कालवंही वाढवता येतील. एक तरुण मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत मन लावून सांगत होत्या. मागच्या बाकावरून थोरलीने विचारलं, "मॅडम, मासा पाळायचा म्हणजे संध्याकाळी त्याला खुराड्यात कोंडायचा का?"

हॉल हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले. त्या दिवसापासून पिंजऱ्यांना कोंबडीखाना हे नाव चिकटलं. पुढे पलीकडच्या किनाऱ्यावरची एक बाई पाळलेले मासे घेऊन बाजारात बसू लागली. थोरली रोज तिला 'कोंबडीवाली' म्हणून हाक मारायची आणि भोवतालच्या बायका खिदळायच्या. थोड्याच दिवसांत ती बाई यायची बंद झाली. तेव्हा थोरलीला त्याचं काही वाटलं नाही.

तिच्या धाकट्या दिराने मात्र अर्ज करून टाकला होता. पिंजरे मंजूर झाले, आणि नावेचं इंजिन तिसऱ्यांदा बंद पडल्यावर थोरल्याने ती विकली. धाकटा कागदपत्रं आणि ट्रेनिंग बघे. कालवांच्या दोऱ्या धाकटी जाऊ सांभाळी. माशांना खाऊ घालायचं काम थोरल्याकडे आलं. आयुष्यभर माशांच्या मागे धावलेला माणूस आता बादली घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागला. तो होडीच्या कडेवर टकटक करी आणि मासे वर येत. घरी आल्यावर तो त्याबद्दल सांगायला बघायचा. मध्यंतरी पिवळट पडलेला एक हल्ली नीट खातोय, कोपऱ्यातले दोघे दांडगाई करतात. थोरली उठून भांडी घासायला घ्यायची. ती एकदाही पिंजऱ्याकडे गेली नाही.

पण मासे वाढले आणि विकायला तिच्याच टोपलीत आले. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने जिताडा उचलून विचारलं, "आज मोठा हात मारलेला दिसतोय तुमच्या ह्यांनी?" तिने मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिने मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती तोंडाने म्हणाली, "दर्याचा आहे." जीभ अडखळली नाही, याचंच तिला नवल वाटलं.

अडचण एकच होती. पिंजऱ्यातले जिताडे सगळे एका मापाचे, गणवेशातल्या पोरांसारखे. समुद्र असा मापून देत नाही, हे बाजारात कुणालाही कळतं. म्हणून ती दुसऱ्यांकडून लहानमोठे मासे घेऊन त्यांत मिसळायची, एकावेळी दोनच जिताडे वर ठेवायची, बाकीचे बर्फाखाली. 'पाळलेली ताजी मासळी' असा रंगवलेला फलक खात्याने दिला होता. तो पोत्याखाली पडून होता.

शेजारच्या ओट्यावर धाकटी उघडपणे ओरडायची, "माझ्या दोरीवरची कालवं!" एकदा ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, माशाला वाचा नाही म्हणून निभतंय."

"कालवांना कोण विचारतं कुठली म्हणून?" थोरली म्हणाली.

"विचारलं तर सांगते की."

लोक परत येऊन जिताड्याची तारीफ करत. कसा गोड होता, काटा कसा अलगद सुटला. कुणी म्हणे, असा मासा बऱ्याच वर्षांनी खाल्ला. थोरली ती तारीफ ऐकून घेई, गल्ल्यातल्या खोट्या नाण्यासारखी बाजूला ठेवी आणि त्यातलं घरी काही सांगत नसे.

मग धाकटा ट्रेनिंगला गेला होता त्या दिवशी बर्फाची पेटी घेऊन थोरला स्वतः बाजारात आला. तेव्हा ओट्यापाशी पोस्टमास्तर उभे होते. निवृत्त झालेले, एकटे राहणारे, वर्षानुवर्षं तिच्याकडूनच मासे घेणारे. थोरल्याची चाहूल तिला लागली नाही. ती म्हणत होती, "दर्याचा म्हणजे काय, ह्यांनी पहाटे स्वतः आणलाय."

पेटी खाली ठेवल्याचा आवाज झाला. पोस्टमास्तर खुशीत वळले. "अरे वा, आलेच की! कुठं टाकलं होतं जाळं?"

थोरलीने बर्फात हात खुपसला. आता हा खरं सांगेल, आणि बरंच होईल, असंही तिला क्षणभर वाटलं.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. मग तो शांतपणे बोलू लागला. अंधारातच निघालो. वारा उत्तरेचा होता, म्हणून खडकांना वळसा घालून गेलो. पहिली ओढ रिकामी आली, दुसरीत नुसता कचरा. परत फिरावं म्हणत होतो तेवढ्यात दोर जड झाला. त्याचे हात हवेत जाळं ओढत होते. आजूबाजूचे चार लोक ऐकायला थांबले. नाव विकल्यापासून तो इतकं बोललाच नव्हता. आणि हे सगळं खरं होतं, फक्त आजचं नव्हतं.

पोस्टमास्तरांनी त्याच्या बाहीकडे बोट दाखवलं. दुमडीत खाद्याचे तपकिरी दाणे अडकले होते. "हे काय?"

"घरी कोंबड्या आहेत," थोरला म्हणाला. त्याने दाणे झटकले, ओट्याखालची आधीची रिकामी पेटी उचलली आणि तो निघून गेला.

त्या दिवशी तिने उरलेले मासे कसे विकले ते तिला आठवत नाही. घरी तो नेहमीसारखा जेवला. रागावला असता तर तिला उलट बोलता आलं असतं. तिची लाज राखायला त्याने आपली लाज सोडली होती, आणि तीही तिच्याच शब्दांत. कोंबडीचा तो विनोद तिने भर हॉलमध्ये केला तेव्हा तो शेजारच्या बाकावर बसला होता. त्याला तेव्हा हसू आलं होतं की नाही, हे तिने पाहिलंच नव्हतं.

पोस्टमास्तर पुन्हा आले तेव्हा तिने आधीच ठरवलेलं वाक्य विसरून भलतंच बोलून टाकलं. "हा घेऊ नका. म्हणजे घ्या, पण हा पिंजऱ्यातला आहे. पाळलेला. मागचाही तसलाच होता. सगळेच."

पोस्टमास्तर पिशवीची घडी करत राहिले. "आणि ते खडकाला वळसा वगैरे?"

"ते माझ्यामुळे. ते तसे नाहीत."

"चव चांगली होती," ते म्हणाले. "म्हणूनच वाईट वाटतंय, वहिनी." मग त्यांनी तिच्या टोपलीतली एक छोटी मासळी उचलली, खरोखरची समुद्रातली, अंगठ्याने तिचा कल्ला उघडला आणि ताजी आहे का म्हणून आतला रंग बघितला. इतक्या वर्षांत तिच्या ओट्यावर त्यांनी असं कधी केलं नव्हतं. तिने मान खाली घातली आणि त्यांचं बघून होईपर्यंत वर केली नाही. त्यांनी मासळी पुन्हा बर्फावर ठेवली आणि ते काही न घेता गेले.

तिने फलक काढून पुढे लावला, बर्फाखालचे जिताडे वर काढून ओळीने मांडले. समोरून कुणीतरी म्हणालं, "अगबाई, कोंबडीवाली आली!" बायका हसल्या. मनाला लागेल असं एखादं उत्तर थोरलीकडे नेहमी तयार असायचं. आज तिला पलीकडच्या किनाऱ्यावरची ती बाई आठवत होती. तिचा चेहरा काही डोळ्यांपुढे येईना, फक्त ओटा आवरताना घाईने चालणारे तिचे हात आठवले. थोरलीने फलक सरळ केला. दोन गिऱ्हाइकं फलक वाचून पुढे गेली. तिसऱ्याने जिताडा घेतला, पण भावात घासाघीस केली, आणि थोरली भाव सोडून खाली आली.

संध्याकाळी थोरला अंगणात पिंजऱ्याची फाटलेली जाळी विणत बसला होता. तिने उंबऱ्यावर बसूनच सगळं सांगितलं. तो सुई थांबवून ऐकत होता. अर्धी टोपली परत आली, हेही तिने सांगितलं.

"उद्या कमी काढू का मग?" त्याने विचारलं.

"नको. तेवढेच काढा."

त्याने दोऱ्याला गाठ मारली. ती नीट बसली का ते ओढून बघितलं. मग मान वर न करता, जरा चाचरत विचारलं, "चवीचं काय म्हणाले? ते मास्तर. कसा लागला म्हणाले?"

 इतके महिने तो रोज बादली घेऊन जात होता आणि त्याचा मासा कसा लागतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारे सगळे तिच्यापर्यंत येऊन थांबले होते. ती उंबऱ्यावरून उठली, त्याच्याजवळ जाळीच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि अगदी पहिल्या गिऱ्हाइकापासून सांगू लागली.