‘आमच्या घरी कोणी पाहत नाही!’

मला एक सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? माणसाच्या तोंडावर, की त्याच्या हातातल्या रिमोटवर?

अकोल्यात केबलचा धंदा करता करता माझे केस पांढरे झाले. शाळेनं मला दहावीत सोडलं, पुढचं शिक्षण खांबावर चढून झालं. खांबावरून लोकांच्या खिडक्या दिसतात, आणि प्रत्येक खिडकीत एक किस्सा असतो. गच्चीवरच्या वायरींसारखे असतात हे किस्से. एक ओढायला जावं, तर चार गुंतून येतात!

मागच्या वर्षी चॅनलवाल्यांनी भाव वाढवले. आम्हाला सिग्नल देणारी वरची कंपनी म्हणाली, देत नाही जा! दोघांची जुंपली आणि टीव्हीच्या तळाशी पट्टी धावू लागली, ‘हे चॅनल तुमच्या केबलवरून बंद होऊ शकते.’ आणि चॅनल कोणतं? तर रात्री आठच्या मालिकेचं!

कंपनीनं मला कळवलं, ‘तुमच्या भागात हे चॅनल खरोखर किती घरं पाहतात ते मोजा. निम्म्याहून जास्त निघाली तर ठेवू.’

आता गंमत बघा. आकडा कमी सांगितला, तर चॅनल जाणार आणि माझं गिऱ्हाईक समोरच्या छत्रीवाल्याकडे, म्हणजे डिशवाल्याकडे पळणार. फुगवून सांगितला, तर तेवढ्या घरांचं बिल कंपनी माझ्याच गळ्यात मारणार. म्हणजे धंदा वाचवायचा, तर खरं काय ते शोधणं आलं. निघालो घरोघर.

* * *

पहिलंच घर एका रिटायर बँक मॅनेजर साहेबांचं.

“आमच्याकडे फक्त बातम्या चालतात,” साहेब म्हणाले. “मालिका-बिलिका बिलकुल नाही. ते बायकांचं काम!”

आत स्वयंपाकघरात एक भांडं आपटलं.

मी म्हटलं, “साहेब, रिमोट द्या जरा. बॅटरी पाहून घेतो.”

आपल्याकडे रिमोटला प्लास्टिक घालून वर रबरबँड लावतात, तसंच होतं. बातम्यांच्या आकड्यांवरचं प्लास्टिक कोरं करकरीत! आणि मालिकेच्या चॅनलचे आकडे? तिथलं प्लास्टिक केव्हाच फाटलेलं, खालची बटनंसुद्धा झिजून गुळगुळीत.

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी त्यांची इज्जत राखायला म्हटलं, “वयनी लय पाहतात वाटते.”

आतून आवाज आला, “वयनीच्या हाती रिमोट येते कवा!”

त्या दिवसापासून मी माणसांना विचारणं कमी केलं आणि बॅटऱ्या तपासणं वाढवलं.

* * *

अकोल्याच्या नळाचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. आला की वाटीपासून ड्रमापर्यंत घरात जे जे पोकळ आहे ते सगळं भरून ठेवायचं. पुढच्या खेपेचा भरवसा नाही.

कमलकाकूंनी मला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं. “विनूभाऊ, चॅनल जाऊन राहिलं म्हने?”

“अजून पक्कं नाही, काकू.”

“मंग जायच्या आंधी सगळी मालिका एकदमच सोडून दे ना! आमी रातभर जागून पाहून घेतो.”

“काकू, पुढचे भाग अजून तयारच नाहीत.”

“तयार नाहीत? मंग रोज अर्धा-अर्धा तास कोठून सोडतं तू?”

“मी नाही सोडत, काकू. वरून येते.”

काकूंचा चेहरा खुलला. “तेच म्हनतो ना मी! वरच्या टाकीत असनच की थोडं!”

* * *

मग कोणीतरी अफवा उठवली की, टीव्ही जितका वेळ चालू राहील तितकी कंपनीकडे नोंद होते. झालं! गल्लीभर दिवसरात्र तेच चॅनल.

मंगलाताईंचं तर सगळं घर तेल्हाऱ्याला लग्नाला निघालं होतं. जाताना त्यांनी चॅनल लावलं, आवाज फुल्ल केला (आवाज मोठा तर नोंद मोठी!) आणि बाहेरून कुलूप ठोकलं.

आठ वाजले. ओट्यावर गप्पा मारत बसलेल्या शेजाऱ्यांना आतून ऐकू आलं, “या घरात एक तर मी राहीन, नाहीतर ती!” पाठोपाठ हुंदके.

शेजारी दार ठोकायला धावले. दाराला कुलूप. “अरे देवा, सासू-सुनेले कोंडून गेले वाटते!” अर्धी गल्ली जमा झाली. शेवटी एकानं मंगलाताईंच्या नवऱ्याला फोन लावला. ते नुकते पंगतीत बसले होते.

“भाऊ, तुमच्या घरी सासू-सुनेची जुंपली! लवकर या!”

भाऊंनी शेजारी पाहिलं. आई मठ्ठा पीत होती. समोर पाहिलं. मंगलाताई वरण वाढत होत्या.

“जुंपू द्या बाप्पा,” भाऊ म्हणाले. “इथं तं दोघी शांत आहेत ना!”

* * *

समोरचा छत्रीवाला म्हणजे पप्पू. पट्टी लागली त्याच दिवशी त्यानं दुकानावर बॅनर लावलं, ‘केबल सोडा, छत्री जोडा!’ रोज सकाळी मला पाहून हसायचा.

मोजता मोजता मी त्याच्याही घरी पोचलो. कारण पप्पूच्या घरी केबल माझी आहे! आभाळ आलं की छत्रीवरचं चित्र जातं, हे त्याच्या बायकोइतकं कोणाला माहीत असणार?

वहिनींनी मला बसायलाही सांगितलं नाही. “आमचं घर लिवा आंधी. आन् तुमच्या दोस्ताले सांगा, चॅनल गेलं तं संध्याकाळी बॅनर जेवजा म्हनाव!”

दुसऱ्या दिवशी पप्पू रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आला. धंद्यात पहिल्यांदा!

“विनूदादा,” म्हणाला, “काईबी कर, पन चॅनल वाचव. बॅनर म्या उतरवलं.”

* * *

हीच मोजणी तिकडे अमरावतीला माझे साडूभाऊ करत होते. त्यांचाही धंदा केबलचाच. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत काम करणारी बाहेरगावची पोरं त्यांच्या भागात खोल्या करून राहतात. अशाच एका खोलीत साडूभाऊ शिरले. टीव्हीवर आपली मराठी मालिका चालू, चौघे जण टक लावून बसलेले, आणि आवाज पूर्ण बंद!

“आवाज काहून बंद?”

“दिनभर मशीन की खडखड सुनते हैं, भैया. घर में शांति चाहिए.”

साडूभाऊंना कुतूहल आवरेना. “मग गोष्ट समजते कशी?”

“शकल से! ये मामा चोर है. ये बुढ़िया असल में लड़की की माँ है, अभी बताया नहीं है उसको. और ये दाढ़ीवाला पुलिस का आदमी है.”

साडूभाऊ हसले. त्यांनी खाली बसून खरी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. मामा चांगला आहे, म्हातारी नुसती शेजारीण आहे, दाढीवाला गॅस एजन्सीचा मालक आहे. पोरांनी शांतपणे ऐकून घेतलं, एकमेकांकडे पाहिलं.

“भैया,” त्यातला मोठा म्हणाला, “हमारा चैनल पक्का लिख लो. लेकिन कहानी हमारीवाली अच्छी है!”

साडूभाऊ मला फोनवर म्हणाले, “आता मलेबी वाटून राहिलं, थे बुढ्ढी पोरीची मायच असावी.”

* * *

एवढं फिरल्यावर आकडा निम्म्याच्या थोडा वर जाऊन थांबला. जसा होता तसाच पाठवला. चॅनल राहिलं, पट्टी गेली, आणि पप्पू पुन्हा मला पाहून हसायला मोकळा झाला.

पण आकडा पाठवायच्या आदल्या संध्याकाळी जे शेवटचं घर केलं, ते सांगायचं राहिलंच.

आबाजी आणि त्यांची बायको, सगळ्या गल्लीची माय. हारफुलांचं दुकान पोरावर सोपवून दोघं वरच्या मजल्यावर राहतात. मी गेलो तेव्हा आठला थोडा अवकाश होता. आबाजी दिवाणावर, माय खाली भिंतीला टेकून, आणि दोघांच्या समोर तेच चॅनल लावलेलं. रिमोट मागायची गरजच नव्हती.

तरी रीत म्हणून विचारलं, “हे चॅनल कोण पाहते, आबाजी?”

“मी तं नाई!” आबाजी म्हणाले. “थे पाह्यते. तिले गमते म्हनून बसतो मी.”

माय ताडकन सरळ झाली. “अवो काय सांगता! मले त्यातलं काई समजत नाई. तुमाले गमते म्हनून तं लावतो मी!”

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती. मी वही उघडली.

“मग... शून्य लिहू?”

 दोघांनी माना टीव्हीकडे वळवल्या. मी उठलो.

जिना उतरतो तोच माय मागून अनवाणी आली. हळूच म्हणाली, “विनू, एक लिव बापा. त्यायचं. थे असेच म्हनतात, पन थे पाह्यतात. मले नको धरू.”

ती वर गेली. मी गाडी सुरू केली, तर आबाजी जिन्यातून हात करत खाली आले. पायात चप्पल एकच होती.

“थांब रे! एक लिव. तिचं. बोलत नाई थे, पन जीव आहे तिचा त्या मालिकेत.”

“आणि तुमचं, आबाजी?”

“मायं कायचं? मी कोठं पाह्यतो!”

तेवढ्यात वरून मालिकेच्या सुरुवातीचं गाणं ऐकू आलं.

“आबाजी, सुरू झाली बरं.”

“हाव, हाव!” म्हणत आबाजी कठड्याला धरून भराभर वर चढू लागले. अर्ध्या जिन्यात थांबले, वळले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले,

“मले नको धरजो त्यात! हिशोब खरा ठेवजो, भाऊ!”